सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान कार्ड : आजारी पडायच्या आधीच करून घ्या

पोस्ट लांब आहे. घरात सत्तरीच्या आसपासचं कुणी असेल तर शेवटपर्यंत वाचा. नसेल तर शेजारच्या आजीसाठी वाचा.

गेले कित्येक महिने मला रस्ता, पाणी, वीज यांपेक्षा जास्त फोन एका गोष्टीसाठी येतायत. "भाऊ, ते म्हाताऱ्या माणसांचं पाच लाखांचं कार्ड कुठं मिळतं?" फोन करणाऱ्यांत किन्हवलीचे आहेत, शेणव्याचे आहेत, डोळखांबकडचे आहेत, सरळगाव-टोकावड्याचेही आहेत. यातले निम्मे फोन कुणीतरी दवाखान्यात दाखल झाल्यावर येतात. माणूस आत खाटेवर, मुलगा बाहेर जिन्यात उभा, आणि तिथून विचारतो, "आता लगेच होईल का?" कधी होतं, कधी होत नाही. त्या वेळी ते होईल का, हे नशिबावर सोडायची गोष्ट नाही, म्हणून लिहायला बसलो.

आधी एक गैरसमज काढून टाकू. पाच लाख रुपये खात्यात येत नाहीत. एकही रुपया येत नाही. आपल्याकडे इतक्या योजना एकामागून एक आल्यात की माणसं सगळं एकात एक कालवतात. वयोश्रीचे तीन हजार एकदाच खात्यात आले, श्रावणबाळचे दीड हजार महिन्याला येतात, सुनेला लाडकी बहीण मिळते, मग म्हाताऱ्याला वाटतं पाच लाखही असेच येणार. मला एका बाबांनी तर विचारलं, "सगळे एकदम देतात का हप्त्यानं?" हसू नका. आपण नीट सांगितलं नाही तर त्यांनी काय समजायचं? हे पाच लाख म्हणजे वर्षाला पाच लाखांपर्यंतचा, दवाखान्यात दाखल होऊन घ्यायच्या उपचाराचा खर्च. सरकार तो थेट रुग्णालयाला देतं. तुम्ही आजारी पडला नाहीत तर कार्ड कपाटात राहतं, आणि देव करो, ते तिथंच राहो.

आता योजना कोणती ते. केंद्राची आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ ला सुरू झाली. तेव्हा ती सगळ्यांसाठी नव्हती. २०११ साली घरोघर जाऊन जी सामाजिक-आर्थिक पाहणी झाली, तिच्या यादीत नाव असेल तरच. ती यादी हा एक वेगळाच विषय आहे. गावात ज्याचं दोन मजली घर त्याचं नाव यादीत, आणि ज्याच्या घरावर प्लास्टिकचा कागद त्याचं नाही, असं कुणी म्हटलं तर आपल्याकडं कुणाला नवल वाटत नाही. मग ११ सप्टेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं ठरवलं की ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ही योजना लागू. २९ ऑक्टोबर २०२४ ला, धनत्रयोदशीच्या दिवशी, तिची सुरुवात झाली. या कार्डाचं नाव आयुष्मान वय वंदना कार्ड. देशभरात साडेचार कोटी कुटुंबांतल्या सहा कोटी ज्येष्ठांना याचा लाभ होईल, असा सरकारचा अंदाज.

उत्पन्नाची अट नाही म्हणजे खरंच नाही. निवृत्त मास्तर, पेन्शन घेणारे ग्रामसेवक, दहा एकर भातशेतीवाला, आणि दुसऱ्याच्या बांधावर गवत कापणारी बाई, सगळे एकाच रांगेत. पिवळं, केशरी, पांढरं रेशनकार्ड हा प्रश्नच येत नाही. कागद एकच लागतो, आधार.

इथपर्यंत ऐकायला छान वाटतं. माझं म्हणणं इथून पुढं सुरू होतं. उत्पन्नाची अट गेली, पण तिच्या जागी तीन अटी आल्यात ज्या कुठल्याच फलकावर लिहिलेल्या नाहीत. आधारवर जन्मतारीख बरोबर पाहिजे, आधारला चालू मोबाइल जोडलेला पाहिजे किंवा बोटाचा ठसा उमटला पाहिजे, आणि जिथं उभे आहात तिथं रेंज पाहिजे. निवृत्त मास्तरांकडं या तिन्ही गोष्टी असतात. ठाण्यात राहणारा मुलगा रविवारी येतो, जेवणाआधी मोबाइलवर कार्ड काढून देतो. गवत कापणाऱ्या बाईकडं यातली एकही नसते. त्यामुळं रांग एक असली तरी नंबर कुणाचा आधी लागतो ते तुम्हीच बघा.

जन्मतारखेचंच घ्या. आपल्या पाड्यांवर सत्तरीतल्या किती माणसांना आपली जन्मतारीख माहीत आहे? त्यांचं वय खुणांवर चालतं. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी गुरं राखत होतो. भातसा धरणाचं काम चालू होतं तेव्हा मोठा पोरगा अंगावर होता. तालुक्यातल्या एका सेवा केंद्रात मी अशाच एका आजींशी बोललो. त्या बहात्तरच्या दुष्काळात लग्न होऊन या भागात आल्या. लग्नाच्या वेळी सोळा-सतरा वर्षांच्या असतील, म्हणजे आज सत्तरी ओलांडली. आधारवर जन्म १९६१. लग्नात अकरा वर्षांच्या होत्या म्हणायचं का? केंद्रावरचा मुलगा चांगला होता, त्यानं दोनदा तपासलं, मग म्हणाला, "आजी, तुम्ही अजून लहान आहात." सगळे हसले, आजीही हसल्या, आणि पिशवी उचलून निघाल्या. मला त्या हसण्याचं काही कळलं नाही.

ही १९६१ कुठून आली? देशातलं पहिलं आधार आपल्याच राज्यात, नंदुरबारच्या टेंभली गावात, सप्टेंबर २०१० मध्ये दिलं गेलं. पुढच्या काही वर्षांत गावोगाव मशीन घेऊन पोरं फिरली. त्यांना दिवसाला जितक्या नोंदी तितके पैसे. समोर म्हातारी, तारीख माहीत नाही. मग चेहऱ्याकडं बघून अंदाजानं साल टाकलं, आणि तारीख १ जानेवारी. पाड्यावरची आधार कार्डं गोळा करून बघा, अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जानेवारीला निघेल. काहींच्या कार्डावर तर नुसतं जन्मवर्ष आहे. तेव्हा कुणालाच वाटलं नव्हतं की या अंदाजावर पुढं कुणाचं ऑपरेशन अडेल.

बरं, दुरुस्ती करायची तर जन्मतारीख आधारवर साधारणपणे एकदाच बदलता येते, आणि त्याला पुरावा लागतो. जी बाई शाळेची पायरी चढली नाही, जिच्या जन्माची नोंद पाटलाच्या वहीतही नाही, ती पुरावा आणणार कुठून?

इथं मला सरकारच्याच घरातली एक विसंगती दाखवायची आहे. श्रावणबाळ निवृत्तिवेतनासाठी ६५ वर्षांचं वय सिद्ध करायचं असेल तर जन्मनोंदीचा उतारा चालतो, शाळेचा दाखला चालतो, रेशनकार्डावरचं किंवा मतदार यादीतलं वय चालतं, आणि यांतलं काहीच नसेल तर सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकाचा वयाचा दाखलाही चालतो. ज्यानं हा नियम केला त्याला खेड्यातलं म्हातारपण माहीत होतं. आयुष्मानला मात्र फक्त आधार. म्हणजे महिन्याच्या दीड हजारासाठी डॉक्टरनं दिलेलं वय खरं, आणि त्याच डॉक्टरच्या रुग्णालयात उपचार घ्यायचे तर तेच वय खोटं. मतदानाच्या दिवशी तर कुणीच वय विचारत नाही, गाडी दारात येते.

तुमच्या घरातल्या ज्येष्ठाचं आधारवरचं वय सत्तरीच्या आत असेल तर निराश होऊन परत फिरू नका. फोन करणाऱ्या फार कमी लोकांना हे माहीत असतं. महाराष्ट्रात राज्याची स्वतःची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. तिची सुरुवात २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून आठ जिल्ह्यांत झाली. आपला ठाणे जिल्हा त्या आठांत नव्हता. आपल्याकडं ती नोव्हेंबर २०१३ मध्ये, सगळ्या राज्याबरोबर आली. २०१७ मध्ये नाव बदललं. बरीच वर्षं तिची मर्यादा कुटुंबाला दीड लाख होती आणि पांढरं कार्डवाले बाहेर होते. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयानं मर्यादा पाच लाख झाली आणि रेशनकार्ड असलेलं किंवा अधिवासाचा दाखला असलेलं राज्यातलं प्रत्येक कुटुंब तिच्यात आलं. १ जुलै २०२४ पासून ती तशी सुरू आहे. तिला वयाची अट नाही. ६१ च्या आजींनाही, ४० च्या सुनेलाही, ४ वर्षांच्या नातवालाही.

"मग वय वंदना कार्ड कशाला पाहिजे?" हा प्रश्न मला एका सरपंचांनीच विचारला. प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की कुटुंबाचे पाच लाख हे सगळ्या घराचे मिळून असतात. घरात एखाद्याचं डायलिसिस चालू असेल, मुलाचा अपघात झाला, सुनेचं मोठं ऑपरेशन झालं, तर वर्षाचे पाच लाख बघता बघता कमी होतात. आणि खर्च कमी करायची वेळ आली की घरात सगळ्यात आधी कोण म्हणतं, "माझं राहू द्या, पोराचं बघा"? म्हातारी माणसंच म्हणतात. ज्या कुटुंबाचं नाव आयुष्मानच्या जुन्या यादीत आहे, त्या घरातल्या सत्तरीपुढच्यांना कुटुंबाच्या पाच लाखांशिवाय वेगळे पाच लाख मिळतात. ते फक्त त्यांच्यासाठी. मुलाला, नातवाला ते वापरता येत नाहीत. घरात आजोबा आणि आजी दोघंही सत्तरीपुढचे असतील तर दोघांत मिळून पाच लाख, प्रत्येकी पाच नाहीत. आमच्या कातकरी वाड्यांवरची कुटुंबं आदिम जमात म्हणून जुन्या यादीच्या निकषात आपोआप बसतात, म्हणजे त्यांच्या म्हाताऱ्या माणसांना हे वेगळे पाच लाख मिळायला हवेत. आणि नेमकी त्यांचीच आधारवरची तारीख सगळ्यात चुकीची आहे.

आणखी एक. "आमच्याकडं आयुष्मान कार्ड आहे की" असं सांगणारे बरेच आहेत. ते आधीचं कार्ड. सत्तरीपुढच्यांना वय वंदनासाठी पुन्हा नोंदणी करावी लागते, पुन्हा ई-केवायसी करावं लागतं. जुनं कार्ड आहे म्हणून वरचे पाच लाख आपोआप सुरू होत नाहीत.

आता ठशाचं. रेशन दुकानात मशीनवर अंगठा लागत नाही म्हणून चार-चार वेळा हात पुसणारी माणसं तुम्ही बघितली असतील. आयुष्यभर आवणी केली, भात झोडलं, नांगर धरला, वीट थापली, त्या बोटांवर रेषा राहतील कुठून? तीच अडचण इथं. मोबाइलवर ओटीपी मागवायचा तर आधारला जोडलेला नंबर पाच वर्षांपूर्वीच बंद झालेला, किंवा तो नंबर नाशिकला कंपनीत असलेल्या नातवाचा. पण ठसा लागला नाही म्हणजे काम संपलं असं नाही. डोळ्याच्या बुबुळावरून आणि चेहऱ्यावरूनही ओळख पटवता येते. आयुष्मान ॲपमध्ये चेहऱ्याची सोय आहे, त्यासाठी फोनमध्ये आधारचं फेस आरडी नावाचं ॲप घ्यावं लागतं. केंद्रावरचा माणूस "अंगठा लागत नाही, नंतर या" म्हणाला तर शांतपणे म्हणा, "चेहऱ्यावरून करून बघा." उजेडात बसवा, डोक्यावरचा पदर थोडा मागं घ्या, म्हाताऱ्या माणसाला पापणी हलवायला सांगा. दोन-तीन प्रयत्नांत होतं. आजीबाईंना कॅमेऱ्यासमोर पापणी हलवायला सांगणं हाच त्यातला अवघड भाग आहे, बाकी काही नाही. घरातलं तरुण कुणी असेल तर हे सगळं घरीही होतं, केंद्रावर जायची गरजच नाही.

कार्ड मोफत आहे, हे मोठ्यांदा सांगा. शंभर, दोनशे, कुठं पाचशेही घेतल्याचं कानावर येतं. प्रिंट काढायचे, लॅमिनेशनचे दहा-वीस रुपये समजू शकतो. आणि फोनवर "तुमचं पाच लाखांचं कार्ड मंजूर झालंय, ओटीपी सांगा" असं कुणी म्हणालं तर फोन ठेवून द्या. आयुष्मानचं कार्ड फोनवर कुणी मंजूर करत नाही.

दुसरा राग मला फ्लेक्सचा येतो. एका शिबिरात मी पाहिलं, कार्डाच्या पाकिटावर नेत्याचा फोटो, वाटणाऱ्याचा फोटो, वाटणाऱ्याच्या मुलाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. आजोबांनी पाकीट कपाळाला लावलं. हा तुमचा हक्क आहे, बाबा, कुणाची भेट नाही, हे त्या गर्दीत सांगणार कोण? बरं, शिबिर भरवलं हे चांगलंच. पण शिबिर बाजारपेठेत भरतं. पाड्यावरून यायचं तर चालत रस्त्यापर्यंत, मग जीप, मग परत. पंच्याहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट आहे हे खरं, पण एसटी आमच्या पाड्यावर येतेच कुठं! अंथरुणाला खिळलेला माणूस तर शिबिराला येणारच नाही, आणि कार्डाची खरी गरज त्यालाच.

त्यात वेळेचा घोळ. भात निघालं, दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर निघतात. भिवंडी, कल्याण, वसई, कुठं कुठं. ती परत येतात पावसाच्या तोंडाला. सरकारी शिबिरं बहुतेक हिवाळ्या-उन्हाळ्यात, कारण पावसात मंडप उडतो. म्हणजे ज्यांच्यासाठी शिबिर, ती माणसं भट्टीवर. योजना धनत्रयोदशीला सुरू झाली हे वाचून मला पहिलं तेच आठवलं होतं.

आता समजा कार्ड निघालं. पुढं काय? कार्ड घेऊन कुठल्याही दवाखान्यात जाऊन चालत नाही. रुग्णालय योजनेत असायला हवं, आणि तुमच्या आजारासाठी असायला हवं. एखादं रुग्णालय हाडांसाठी योजनेत असेल पण हृदयासाठी नसेल. बोर्ड बघून आत शिरू नका, आरोग्यमित्राचं टेबल शोधा. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात तो असतो. त्याला तीन गोष्टी विचारा. हा आजार या रुग्णालयात योजनेत बसतो का, पूर्वमंजुरी कधी टाकणार, आणि आम्हाला काही भरावं लागेल का. तिसऱ्याचं उत्तर "नाही" असायला हवं. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत, त्यामुळं खासगीत "योजनेत नाही" म्हणाले तर ते दर वेळी खोटं बोलतायत असं नाही. मग सरकारीत कुठं होईल ते त्याच आरोग्यमित्राला विचारा. रात्री-अपरात्री, जिवावरचं असेल तर कागदांसाठी थांबू नका. तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून फोनवरून मंजुरी घ्यायची आणि कागद नंतर द्यायची सोय योजनेत आहे.

माझ्या नात्यातल्या एका वयस्कर बाईंना दाखल केलं तेव्हा रुग्णालयाचं नाव योजनेत होतं, तरी काउंटरवर आधी डिपॉझिट मागितलं. "मंजुरी आली की परत मिळेल." मी रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका रुग्णालयाचा नाही. योजनेचे दर परवडत नाहीत, पैसे उशिरा येतात, ही रुग्णालयांची तक्रार जुनी आहे आणि त्यात तथ्यही आहे. पण त्याचा हिशोब त्यांनी सरकारशी करावा, खाटेवरच्या म्हातारीशी नाही. असं झालं तर पावती मागा. पावतीचं नाव काढलं की अर्ध्या वेळा मागणी मागं जाते. नाही गेली तर राज्याच्या योजनेसाठी १५५३८८ आणि आयुष्मानसाठी १४५५५ या नंबरांवर तक्रार नोंदवा, तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली तक्रार निवारण समिती असते, तिच्याकडंही अर्ज करता येतो.

राज्याच्या योजनेच्या पॅकेजमध्ये रुग्णाचं जेवण धरलेलं आहे, आणि घरी परतताना एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडंही. किती जणांना हे भाडं मिळालं? मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांना असं काही असतं हेच माहीत नव्हतं. रक्कम छोटी आहे. पण ठाण्याहून लोकलनं आसनगाव, तिथून शहापूर, तिथून किन्हवली, पुढं पाडा, असा प्रवास टाके घातलेल्या माणसाला घेऊन केला की छोट्या रकमेची किंमत कळते.

या योजनेत काय नाही तेही सांगतो, नाहीतर उद्या मलाच शिव्या घालाल. दाखल न होता घेतलेले उपचार नाहीत. गुडघे दुखतात, बीपीची गोळी, साखरेची गोळी, खोकला, चष्मा, यांतलं काही नाही. म्हातारपणाचा रोजचा खर्च तर हाच असतो. त्यासाठी आपलं प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपजिल्हा रुग्णालय. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी-उपचार मोफत आहेत, केसपेपरचेही पैसे नाहीत. बीपी-साखरेची गोळी तिथून नियमित घेतली तर पाच लाखांचं कार्ड वापरायची वेळ कदाचित येणारही नाही. गोळी कधी असते कधी नसते, हे मला माहीत आहे. नसेल तेव्हा नुसतं परत येऊ नका, वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटून विचारा कधी येणार.

माजी सैनिक, केंद्राचे निवृत्त कर्मचारी यांनी एवढंच लक्षात ठेवावं, की ईसीएचएस किंवा सीजीएचएस असेल तर दोन्ही घेता येत नाहीत, एक निवडावी लागते. घाईनं बटण दाबू नका, तुमची आहे तीच बहुधा जास्त सोयीची असेल. खासगी विमा असेल किंवा मुलाच्या कंपनीचं ईएसआयसी असेल तर मात्र वय वंदना घ्यायला आडकाठी नाही. आजार आधीपासूनचा असला तरी चालतो, थांबायचा काळ वगैरे काही नाही. सत्तरीनंतर खासगी विमा कंपन्या दारात उभं करत नाहीत किंवा असा हप्ता सांगतात की चक्कर यावी, हे ज्यांनी चौकशी केलीय त्यांना ठाऊक आहे. त्यामुळं योजनेत हजार खोटी असल्या तरी मी कार्ड काढा असंच सांगेन. मुलीकडं सुरतला किंवा हैदराबादला राहायला गेलेल्या आई-वडिलांनाही ते तिथं चालतं.

एक गोष्ट मात्र कार्डानं सुटत नाही. आपल्या भागात हृदयाचा झटका आला, मेंदूत रक्तस्राव झाला, तर कार्ड चालेल असं मोठं रुग्णालय कल्याण-ठाण्याकडं. "पुढं न्या" हे दोन शब्द शहापूर-मुरबाडच्या प्रत्येक घरानं ऐकलेत. तानसा, भातसा, वैतरणा, सगळं पाणी इथून मुंबईला जातं, आणि त्याच रस्त्यानं आमचे पेशंट. खिशात पाच लाख आहेत पण ते खर्च करायला दोन तासांचा रस्ता, हा विमा अर्धाच आहे. याच्यावर वेगळं लिहीन, आज कार्डापुरतंच बोलतो.

तर माझी मागणी साधी आहे. किन्हवली परिसरातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीनं मतदार यादी काढावी. तीत वय छापलेलं असतं. सत्तरीपुढच्या नावांवर खूण करावी, श्रावणबाळ आणि संजय गांधीच्या याद्या शेजारी ठेवाव्यात. आशाताईंना कोणत्या घरात कोण अंथरुणावर आहे ते पाठ असतं, त्यांना विचारावं. त्यांना हे काम द्यायचं तर त्याचे पैसेही द्यावेत, फुकटचं ओझं नको, त्यांच्या डोक्यावर आधीच पुष्कळ रजिस्टरं आहेत. मग संगणक चालक आणि एक चांगला फोन घेऊन घरोघर जावं. जिथं रेंज नाही तिथल्या माणसांना एका दिवशी गाडी करून रेंजमध्ये आणावं. निवडणुकीत आणतोच की. वीटभट्टीवर जाणाऱ्यांचं काम दिवाळीच्या आत उरकावं. ज्यांचं आधारवरचं वय चुकलंय त्यांची वेगळी यादी करून ग्रामसभेचा ठराव तहसीलदारांकडं आणि जिल्हाधिकाऱ्यांकडं पाठवावा, की श्रावणबाळला जो डॉक्टरचा वयाचा दाखला चालतो तो यांच्या आधार दुरुस्तीलाही चालावा. हे एका गावाच्या ठरावानं होणार नाही. शहापूर-मुरबाडच्या पन्नास गावांनी पाठवले तर वरच्या टेबलावर निदान वाचले तरी जातील.

पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्या, असं मी आमच्या सरपंचांना लेखी देणार आहे. कार्ड निघालेल्या सत्तरीपुढच्यांचा आकडा किती आणि मतदार यादीतला आकडा किती, एवढे दोनच आकडे विचारणार आहे. तुमच्या गावात तुम्ही विचारा. ग्रामसेवक म्हणतील माहिती पंचायत समितीकडं आहे, पंचायत समिती म्हणेल तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडं. तरी विचारा, आणि उत्तर लेखी मागा. मला मिळालेले दोन्ही आकडे मी इथंच टाकीन.